मागे लोटलेली जमीन

अण्णा मोरीत घसरले ती ऑगस्टमधली सकाळ होती. कपडे धुऊन झाले होते, साबणाचं पाणी अजून पुरतं वाहून गेलं नव्हतं आणि शहाबादी फरशीवर त्याचा पातळ थर राहिला होता. त्यांनी टाच टेकली, ती पुढे सरकली, आणि सत्तरी ओलांडलेला माझा बाप उजव्या कुशीवर पडला. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. दोनच दिवसांनी त्यांच्यापुढे वॉकर आणून ठेवला. व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट पंचविशीतली मुलगी होती, आवाज मऊ पण ठाम. अण्णा वॉकर धरून उभे राहायचे, पाय उचलायचे आणि होता तिथेच परत ठेवायचे. पुढे सरकायचेच नाहीत. तीन-चारदा असं झाल्यावर ती म्हणाली, "काका, पाय पुढं न्यायचं डोक्यातनं काढा. मागच्या पायानं जमीन मागं लोटा. पुढं तुम्हाला जमीन नेईल."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "काय सांगालीय ही? जमीन कधी लोटली जातीय का?"

मी नववीला विज्ञान शिकवते. 'गतीचे नियम' हा पुस्तकातला पहिलाच धडा. शाळा उघडली की पावसाच्या वासाबरोबर तो येतो. 'प्रत्येक क्रियाबलाला एकाच वेळी तेवढंच, उलट दिशेचं प्रतिक्रियाबल असतं' हा न्यूटनचा तिसरा नियम मी कितीदा फळ्यावर लिहिला असेल, कितीदा तपासला असेल, त्याची मोजदाद नाही. पण हॉस्पिटलच्या त्या लांबलचक व्हरांड्यात, भिंतीला टेकून उभी असताना, तो मी पहिल्यांदा माझ्या माणसाच्या पायात उतरताना पाहिला. अण्णांनी डाव्या पायाचा चवडा फरशीवर दाबला, मागे रेटला आणि शरीर वीतभर पुढे गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आश्चर्य होतं.

चालताना आपण नेमकं काय करतो ते मी तेव्हापासून फार बारकाईने बघते. टाच टेकते तेव्हा पाय जमिनीला किंचित पुढच्या बाजूला ढकलतो आणि जमीन त्याला मागे ढकलते. म्हणजे प्रत्येक पावलाच्या सुरुवातीला थोडासा ब्रेकच लागतो. मग शरीर त्या पायावरून पुढे जातं आणि शेवटी चवडा जमिनीला मागे रेटतो. त्याच क्षणी, तेवढ्याच जोराने, जमीन पायाला पुढे रेटते. आधी अडवणं, मग ढकलणं. वरच्या दिशेनेही जमीन सारखा जोर लावत नाही. साध्या चालीत पावलाच्या ऐन भरात हा जोर आपल्या वजनापेक्षा थोडा जास्त, सुमारे १.१ ते १.२ पट होतो. धावताना तो दोन-अडीच पटींवर जातो. आपले स्नायू कितीही बळकट असले तरी ते आपल्याला आतूनच ढकलू शकतात, आणि आतल्या आत ढकलून कुणी जागचं हलत नाही. पुढे नेणारा धक्का बाहेरूनच यावा लागतो. तो जमीन देते, घर्षणाच्या वाटेने.

साबणाच्या पाण्यावर जमिनीने दगा दिला असं आपण म्हणतो. आईही महिनाभर तेच म्हणत होती. पण तिथेही हिशोब चोखच होता. घर्षण नाही म्हणून अण्णांच्या टाचेला जमिनीवर आडवा जोर लावता आला नाही, आणि टाचेने लावला नाही तो जोर जमिनीलाही परत लावता आला नाही. दोन्हीकडे सारखंच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

या नियमातल्या 'प्रतिक्रिया' या शब्दाशी माझं अनेक वर्षांचं भांडण आहे. मराठीत प्रतिक्रिया नंतर येते. आधी घटना घडते, मग पुढाऱ्याची प्रतिक्रिया येते, मग शेजाऱ्यांची. त्यामुळे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की आधी क्रिया घडते, मग थोडा वेळ जातो आणि मग जमीन किंवा भिंत जशास तसं उत्तर देते. पुस्तकात 'एकाच वेळी' असं स्वच्छ लिहिलेलं आहे, पण डोळे त्यावरून घसरून पुढे जातात, कारण शब्दच उलटं सांगत असतो.

त्यातून मोबाइलवर फिरणारे ते संदेश. कर्माचं फळ म्हणजेच न्यूटनचा तिसरा नियम, पेराल ते उगवेल, वगैरे. मला हे पटत नाही आणि मी वर्गात तसं सांगते. कर्माच्या हिशोबात काळ जातो, फळ करणाऱ्यालाच मिळतं आणि त्यात चांगलं-वाईट असतं. न्यूटनच्या नियमात काळ मुळीच जात नाही, दोन बलं दोन निरनिराळ्या वस्तूंवर असतात आणि चांगल्या-वाईटाचा तिथे प्रश्नच येत नाही. एक श्रद्धेचा विषय आहे, दुसरा मोजण्याचा. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्हींचं नुकसान होतं.

आपल्या भाषेत या नियमाला अगदी चपखल बसणारी म्हण आधीपासून आहे, ती मात्र आपण भांडणांसाठी राखून ठेवली आहे: टाळी एका हाताने वाजत नाही. वर्गात मी मुलांना टाळी वाजवायला लावते. मग विचारते, कोणत्या हाताची क्रिया आणि कोणत्या हाताची प्रतिक्रिया? एक हात स्थिर धरून दुसरा त्यावर मारायला सांगते. ज्याने मारलं तो हातही चुरचुरतो, ज्याने नुसता मार खाल्ला तोही. चार भाकऱ्या थापल्या की आईचा तळवा लाल होतो, कारण ती भाकरीला जेवढं थापते तेवढंच भाकरी, खालच्या परातीच्या जिवावर, तिच्या तळव्याला थापते. जगात एकटं बल नाहीच. बल नेहमी जोडीने येतं, आणि त्या जोडीत कुणाला क्रिया म्हणायचं नि कुणाला प्रतिक्रिया, ही केवळ आपली सोय आहे. १६८७ साली 'प्रिन्सिपिया'त हा नियम मांडताना खुद्द न्यूटनने दिलेलं उदाहरणही असंच घरगुती आहे: तुम्ही बोटाने दगड दाबलात तर दगडही तुमचं बोट दाबतो. पुढे तो घोड्याचं उदाहरण घेतो. दोराने बांधलेला दगड घोडा ओढतो तेव्हा घोडाही दगडाकडे तेवढाच ओढला जातो.

हा घोडा दर वर्षी माझ्या वर्गात येतो. कुणीतरी एक मूल, बहुतेक मागच्या बाकावरचं, हात वर करून विचारतं, "बाई, घोडा गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी घोड्याला मागं ओढते, तर मग गाडी हलतेच कशी?" हा प्रश्न ज्या वर्षी कुणी विचारत नाही त्या वर्षी मला धडा नीट झाल्यासारखा वाटत नाही. उत्तर मी लगेच देत नाही. आधी दोन ताणकाटे एकमेकांच्या आकड्यात अडकवते आणि दोन मुलांना ओढायला देते. एक दांडगा, एक किरकोळ. सगळ्यांची खात्री असते की दांडग्याच्या काट्यावर जास्त दिसणार. दोन्ही काटे दर वेळी सारखंच दाखवतात. मुलं वाकून वाकून बघतात, काटे बदलून बघतात. मग रस्सीखेच. दांडग्याला मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभा करते आणि किरकोळाला अनवाणी. किरकोळ जिंकतो. दोर दोघांना सारखाच ओढत असतो, जिंकणं ठरतं ते तळपायाखाली. घोड्याचंही तेच. गाडी त्याला मागे ओढते हे खरं, पण तो टापांनी रस्ता त्याहून जास्त जोराने मागे रेटतो आणि रस्ता त्याला तेवढ्याच जोराने पुढे. घोड्याने गाडीवर लावलेलं बल गाडीच्या खात्यावर, गाडीने घोड्यावर लावलेलं घोड्याच्या. एकाच्या खात्यातली जमा दुसऱ्याच्या खात्यातून वजा होत नसते.

याच गोंधळातून आणखी एक चूक येते. ती मी काही गाइडांमध्येही छापलेली पाहिली आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचं वजन ही क्रिया आणि खुर्चीने वर दिलेला आधार ही प्रतिक्रिया, असं लिहिलेलं असतं. हे चूक आहे. ती दोन्ही बलं एकाच माणसावर आहेत, मग जोडी कशी होईल? पृथ्वी अण्णांना खाली ओढते, त्याची जोडी म्हणजे अण्णाही पृथ्वीला वर ओढतात. खुर्ची अण्णांना वर रेटते, त्याची जोडी म्हणजे अण्णा खुर्चीला खाली रेटतात. अण्णा पृथ्वीला ओढतात हे वाक्य फळ्यावर लिहिलं की वर्ग शांत होतो. पण पृथ्वीचं वस्तुमान सहावर चोवीस शून्यं इतके किलो. साठ-सत्तर किलोंच्या माणसाएवढ्या ओढीने तिचं काय हलणार? ओढ दोघांवर सारखी, फरक पडतो तो ओढल्या जाणाऱ्याच्या वस्तुमानामुळे.

ही शेवटची गोष्ट अण्णांना कुणी समजावून सांगावी लागली नाही. उलट तीच त्यांनी मला सांगितली.

अण्णांनी तीस वर्षं यंत्रमागावर काढली. आधी चादर, मग टॉवेल. आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो धोटा, त्याला तडाखा देते ती दांडी. घरी आले की अर्धा तास मोठ्याने बोलायचे, कानांतला खडखडाट ओसरेपर्यंत. लहानपणी मी डबा द्यायला कारखान्यात जायची. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा चहाचा पेला ठेवलेला असायचा आणि चहावर सारखी बारीक वलयं उठायची, कडेकडून मध्याकडे. पेल्याला कुणी हात लावलेला नसायचा. खिडकी, भिंत, फरशी, सगळंच थरथरत असायचं.

सप्टेंबरात वॉकर धरून हॉलमध्ये फेऱ्या मारताना मी त्यांना पुन्हा जमिनीचं सांगत होते, तेव्हा ते थांबले. "अगं, म्हणजे मागाचंच की हे. धोट्याला दांडी बसली की धोटा उजवीकडं सुटतोय. त्या वेळी माग डावीकडं दणका खातोय. पलीकडच्या पेटीत धोटा थांबला की माग उजवीकडं. म्हणून तर खाली बोल्ट ठोकलेले असतात."

"आणि बोल्ट ढिला झाला तर?"

"तर माग चालत सुटतोय," अण्णा म्हणाले. "रोज बोटभर. महिन्याभरात शेजारच्या मागाला जाऊन टेकंल."

मिनिटाला शंभरावर वेळा धोटा इकडून तिकडे. लाकडी धोटा, आत सुताची कांडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणकुचीदार टोप्या. दांडी धोट्याला जेवढा तडाखा देते तेवढाच धोटा दांडीला, दांडीतून मागाला आणि मागातून जमिनीला. धोटा हलका म्हणून उडतो. माग जड आणि जमिनीला जखडलेला, म्हणून नुसता थरारतो. तो थरार भिंतीतून चहाच्या पेल्यात यायचा. सोलापुरात ज्या गल्ल्यांमध्ये अजून धोट्याचे माग चालतात तिथल्या घराच्या भिंतीला हात लावून बघावा. चादरीतल्या प्रत्येक आडव्या धाग्यामागे जमिनीने एक दणका सोसलेला असतो. ती चादर मी पांघरते तेव्हा मला हे आठवतं.

अण्णांच्या डाव्या भुवईवर एक आडवा व्रण आहे. धोटा उडाला होता त्याचा. तो कधी उडाला, कसा उडाला हे ते सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही.

ऑक्टोबरात वॉकर गेला आणि काठी आली, आणि काठीबरोबर घरात वादही आला. दुखरा पाय उजवा, पण फिजिओथेरपिस्ट म्हणे काठी डाव्या हातात धरा. अण्णांना ते पटेना. "दुखणं उजवीकडं आणि आधार डावीकडं? कुठली रीत ही?" चार दिवस ते गुपचूप काठी उजव्या हातात धरून चालले. चालताना कमरेत लचकायचे.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. चालताना प्रत्येक पावलात एक वेळ अशी येते की सगळं शरीर एकाच पायावर असतं. शरीराचा भार मधोमध, आणि खुबा बाजूला. शरीर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू खाली ओढून धरतात. पण ते सांध्याच्या अगदी जवळ आहेत, तराजूचा एक हात आखूड असावा तसे. म्हणून त्यांना शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट जोर लावावा लागतो आणि सांध्यावर एकूण दाब वजनाच्या अडीच-तीन पट येतो. काठी दुसऱ्या हातात असली की ती खुब्यापासून लांब टेकते. तराजूचा हात लांब होतो. तिथे थोडासा भार दिला, जमिनीने तेवढाच काठीतून वर परत दिला, की स्नायूंचं ओढणं खूपच कमी होतं आणि सांध्यावरचा दाबही. थोडक्या जोरात मोठी सुटका.

अण्णांनी कागद बराच वेळ बघितला. तराजूचं त्यांना पटलं. काठी डाव्या हातात गेली ती गेलीच.

त्या दिवसांत मला त्यांच्या पावलांकडे बघायचा नादच लागला. आंघोळीनंतर ते ओल्या पायांनी पडवीत येत आणि फरशीवर पावलं उमटत. डावं पाऊल टाचेपासून अंगठ्यापर्यंत भरलेलं, काळंभोर. उजव्याची टाच जेमतेम, चवडा फिकट, अंगठ्याचा तर ठिपकाच. तो पाय जमिनीला अजून लोटत नव्हता, नुसता टेकत होता. आणि जमीनही त्याला तेवढंच देत होती. रोज सकाळी मी तो अंगठा बघायची. नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी तो पूर्ण उमटला, कडा आणि मधल्या रेषांसकट. मी आईला हाक मारून दाखवला. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, वाळू दे, पुसू नको.

जानेवारीत गड्डा आला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. अण्णांनी आयुष्यात कधी नंदीध्वजांची मिरवणूक चुकवली नव्हती, त्यामुळे या वर्षी टीव्हीवर बघू असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. आम्ही गर्दी टाळून एका दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, एकामागून एक आले. लोकांचे डोळे वर, शेंड्यांकडे. अण्णा मात्र या वेळी खाली बघत होते. पांढरी बाराबंदी, कमरेच्या पट्ट्यात रोवलेली ती उंच काठी, आणि ती पेलणारा माणूस पाठीत किंचित मागे झुकलेला. काठी पुढे कलू लागली की पाऊल पुढे, बाजूला कलली की बाजूला. लहान, सावध, अखंड पावलं. काठीचा आणि त्याच्या स्वतःचा सगळा भार दोन तळपायांतून सोलापूरच्या रस्त्यावर आणि रस्त्याकडून तेवढाच पुन्हा वर. महिनोन् महिने सराव करावा लागतो तो याचाच.

"बघ, कमरेनं तोलतोय पण काम पावलांचं आहे," अण्णा एवढंच म्हणाले. डाव्या हातातली काठी त्यांनी घट्ट धरली होती.

होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम आम्ही दर वर्षी गच्चीवरून बघतो. चौदा पायऱ्या. फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. म्हणजे शरीर वर उचलायचं कामही चांगल्या पायाला आणि सावकाश खाली सोडायचंही त्यालाच. अण्णा डावा पाय वर टाकत, जमिनीऐवजी पायरी खाली दाबत चढले. मध्ये दोनदा थांबले.

आकाशात बाण सुटत होते. माझा भाचा शेजारी उभा होता. त्याने विचारलं की चंद्रावर हवा नाही, मग तिथे रॉकेट कशाला ढकलून वर जातं? मी त्याला जवळ घेतलं. मला या प्रश्नाचं फार प्रेम आहे, कारण तो फार मोठ्या माणसांनाही पडला होता. रॉबर्ट गॉडार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असं लिहिलं, तेव्हा १३ जानेवारी १९२० रोजी, म्हणजे आपल्या यात्रेच्याच दिवसांत, न्यूयॉर्क टाइम्सने त्यांना सुनावलं होतं की पोकळीत ढकलायला काही नसतं एवढंही यांना कळत नाही. गॉडार्ड १९४५ साली वारले. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्राकडे निघालं आणि दुसऱ्या दिवशी त्या वर्तमानपत्राने चूक दुरुस्त करत असल्याचं छापलं. रॉकेटला हवा लागतच नाही. ते स्वतःच्या पोटातला जळता वायू खाली ढकलतं आणि तो वायू त्याला वर. आपल्याला जमीन लागते, रॉकेट आपली जमीन बरोबर घेऊन जातं.

"धोटा आणि दांडी," अण्णा मागून म्हणाले.

शेवटचे बाण विझले, धुराचा वास गच्चीवर आला. भाचा पळत खाली गेला. अण्णांनी काठी माझ्या हातात दिली, एक हात कठड्याला धरला आणि दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला. मी एक पायरी पुढे, ते मागे. त्यांनी उजवा पाय खाली सोडला आणि त्यांचा भार माझ्या खांद्यावर आला, पाठीतून खाली गेला आणि पायरीच्या गार दगडावर माझे तळपाय दाबले गेले. पायरीने मला वर धरलं, मी त्यांना.

"तेरा राहिल्या," अण्णा म्हणाले.